बुरशीआधी माणूस तपासा

केळझर, ता. सेलू, जि. वर्धा

प्रति,
वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतील डॉक्टर मंडळी
(गावोगावचे फॅमिली डॉक्टर, शुगर-बीपीचे रुग्ण पाहणारे फिजिशियन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ)

विषय : नाकाच्या पोकळ्यांतील बुरशीचा आजार आणि चिठ्ठीवर न लिहिलेल्या गोष्टी



केळझर आपल्याला ठाऊक असेलच. नागपूर-वर्धा जुन्या रस्त्यावरचे, टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचे गाव. चतुर्थीला आपल्यापैकी कित्येकांच्या गाड्या पायथ्याशी उभ्या असतात. भीमाने बकासुराला मारले ते इथेच, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि त्याचा पुरावा कोणी मागत नाही. मी स्वतः मात्र पुराव्याच्या धंद्यातला माणूस. नोकरीची बहुतेक वर्षे नागपुरातल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तंत्रज्ञ म्हणून काढली. बुरशीच्या तपासणीचे टेबल माझ्याकडे असे. निवृत्तीनंतर गावी येऊन सोयाबीन-तूर करतो.

तुमची अक्षरे मी दोन्हीकडून वाचली आहेत. आधी तपासणीच्या फॉर्मवर, आणि आता गावातल्या लोकांच्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. संध्याकाळी कोणीतरी ओसरीवर येऊन पिशवी रिकामी करतो आणि म्हणतो, ‘भाऊ, काय लिवलं हाय यात, पाहा न जरा.’ मी डॉक्टर नाही. औषध सांगत नाही आणि बदलतही नाही. पण चिठ्ठीवर काय लिहिलेले नाही, ते मला चटकन दिसते. बऱ्याच चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षे ‘सायनस’ एवढेच असते. कोणत्या प्रकारचा, एका बाजूचा की दोन्ही, या माणसाला शुगर आहे का, दम्याची खोड आहे का, याआधी कोणत्या गोळ्या दिल्या, यांपैकी काहीही नसते. चिठ्ठीवरची ही मोकळी जागा एखाद्याचा डोळा घेऊ शकते, म्हणून हे पत्र.

आधी इथल्या हवेविषयी. ऑक्टोबरात सोयाबीन सवंगून गंजी लागलेली असते. वरून परतीचा पाऊस येतो, गंजी आतून तापते आणि बुरसते. मग थ्रेशर लागतो. त्या दिवशी वावरात जे कुटार उडते त्यात काय काय असते, ते मी सवयीने एकदा काचेवर घेऊन पाहिले आहे : ॲस्परजिलस, अल्टरनेरिया, आणखी दोन-चार काळपट जाती. पुढे घरात कापूस साठतो, मग हरभरा आणि गहू निघतो. ओल्या भिंती आणि गोठ्यातले शेण बारमाही. बुरशीचे बीजाणू आमच्या सगळ्यांच्या नाकात रोज जातात. तुमच्याही जातात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पोनिकाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सायनसच्या २१० जुनाट रुग्णांच्या नाकातला शेंबूड काळजीपूर्वक गोळा करून वाढवून पाहिला, तेव्हा ९६ टक्क्यांत बुरशी निघाली. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत ती शंभर टक्के निघाली.

ही गोष्ट आपल्याला शिकवलेली असते. तरीही नाकात कापसाची काडी फिरवून ती ‘फंगस’साठी पाठवणे आपण थांबवत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, म्युकर बुरशीच्या साथीत, अशा काड्यांचे ढीग प्रयोगशाळांत पडले होते. काडीवर बुरशी आली की घर हादरे, नाही आली की घर निर्धास्त होई. दोन्ही निष्कर्षांना आधार नव्हता. बुरशी नाकात आहे का, हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. ती मांसात शिरली आहे का, आणि या माणसाचे शरीर तिच्याशी कसे वागते आहे, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर काडीवर मिळत नाही. त्यासाठी तुकडा काढावा लागतो आणि माणसाला चार प्रश्न विचारावे लागतात.

शरीराचे हे वागणे किती परस्परविरोधी असते ते मी काचेवर पाहिले आहे. आपल्यातल्या तज्ज्ञांना यात नवे काही नाही. पण हे पत्र रुग्णही वाचतील, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ओळखीतला एक विशीतला मुलगा होता. धट्टाकट्टा, शुगर नाही, व्यसन नाही. लहानपणापासून शिंका, थ्रेशरवर गेला की नाक चोंदायचे. पुढे नाकात मांस वाढले. चार-पाच वर्षे त्याला अँटिबायोटिकचे कोर्स आणि ॲलर्जीच्या गोळ्या आलटून पालटून मिळत होत्या. मग एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आल्यासारखा दिसू लागला. आईने ते फोटोत ओळखले, डॉक्टरांनी नव्हे. सीटी स्कॅन झाला. पोकळ्या भरून फुगलेल्या, मधले हाड पातळ झालेले, आणि भरलेल्या पदार्थात पांढरट ठिपके. साचलेल्या बुरशीत लोह, मँगनीज आणि चुन्याचे क्षार जमतात, म्हणून ते तसे दिसतात. दुर्बिणीने ऑपरेशन करून आतला चिवट, मातकट चिकटा काढला.

असा चिकटा मी काचेवर अनेकदा पाहिला आहे. बुरशी शोधावी लागते, इतकी थोडी. बाकी सगळे क्षेत्र इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींनी गजबजलेले, बऱ्याचशा फुटलेल्या, आणि मधूनमधून दोन्ही टोकांना निमुळते चकचकीत स्फटिक. शार्को आणि लायडेन या एकोणिसाव्या शतकातल्या दोन वैद्यांच्या नावाने ते ओळखले जातात. आम्ही त्यांना इतकी वर्षे लढाईनंतर पडलेला कचरा समजत होतो. बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की हे स्फटिक स्वतःच प्रतिकारसंस्थेला आणखी चिथावतात. निवृत्तीनंतर वाचलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत चटका लावणारी वाटली, कारण असले स्फटिक मी हजारोंनी पाहिले आहेत, आणि अहवालात ते एका ओळीत निकाली निघतानाही पाहिले आहेत.

या मुलाच्या शरीरात बुरशीने मांसाला स्पर्शही केलेला नव्हता. ती शेंबडात बसून होती. नुकसान केले ते शरीराने. बुरशीची विकरे नाकाच्या अस्तराला डिवचतात, अस्तर धोक्याचे संदेश सोडते, आयजीई नावाची प्रतिपिंडे भरमसाट तयार होतात आणि इओसिनोफिलांची फौज येऊन आपले विष तिथेच ओतते. गोठ्यात धामण दिसली म्हणून गोठाच पेटवून द्यावा, तसा हा प्रकार. सूज येते, सुजेने वाट बंद होते, बंद पोकळीत बुरशीला आणखी आसरा मिळतो, आणि चक्र चालू राहते. अँटिबायोटिकचा इथे काय उपयोग? बुरशीविरोधी गोळीचाही फारसा नाही. नाकात अँफोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध सोडून जुनाट सायनस बरा होतो का, याची युरोपात अनेक केंद्रांवर रीतसर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २००६ मध्ये आला : साध्या द्रावणापेक्षा फायदा नाही. ॲलर्जीच्या बुरशीजन्य प्रकारात पोकळ्या साफ करणे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे, स्टेरॉइडचा फवारा आणि गरजेपुरते पोटातून स्टेरॉइड, हाच मुख्य मार्ग आहे. म्हणजे शरीराचा राग आवरायचा.

आता याच गावातली दुसरी व्यक्ती समजा. पन्नाशीची बाई, शुगर तीनशेच्या वर, गोळ्या कधी घेते कधी नाही. तिच्या नाकात म्युकर जातीचा, म्हणजे बहुधा रायझोपसचा बीजाणू गेला. निरोगी माणसात नाकातल्या भक्षक पेशी त्याला फुटूच देत नाहीत, आणि फुटलाच तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याचे तंतू मारतात. वाढलेल्या साखरेत या पेशी सुस्त होतात. रक्तात आम्लता वाढली की प्रथिनांनी बांधून ठेवलेले लोह सुटते, आणि म्युकरला लोहाची भूक मोठी. मग ही बुरशी रक्तवाहिनीत शिरते, आत गुठळी होते, पुढचे मांस मरते. मेलेल्या मांसापर्यंत रक्त जात नाही, म्हणून सलाइनमधून दिलेले औषधही जात नाही. तिथे सर्जनला चाकूच लागतो, आणि तोही आज, पुढच्या सोमवारी नव्हे.

पहिल्याच्या शरीराने लढाईचा अतिरेक केला, दुसरीचे शरीर लढतच नाही. चिठ्ठीवर दोघांच्याही नावापुढे ‘सायनस’ आहे. आणि गावातला उपाय दोघांनाही एकच मिळतो : कागदाच्या पुडीत चार रंगांच्या सुट्या गोळ्या आणि एक सुई.

डॉक्टर मंडळी, माझी मुख्य तक्रार या पुडीविषयी आहे.

तिच्यातली सगळ्यात छोटी गोळी बहुतेकदा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. पेशंटला ती ‘ताकदीची’ म्हणून माहीत असते. तिने दुसऱ्या दिवशी नाक मोकळे होते, अंग हलके होते, भूक लागते. डॉक्टरचे नाव होते. पहिल्या मुलाला तिने बरे वाटते, म्हणून वर्षानुवर्षे खरे निदान लांबते. दुसऱ्या बाईची शुगर तिने आणखी चढते आणि उरल्यासुरल्या न्यूट्रोफिलांचे हातही बांधले जातात. एकाचे औषध ते दुसरीचे विष, ही अतिशयोक्ती नाही, या आजारात ते शब्दशः खरे आहे. म्हणूनच पुडीत काय होते, ते पुढच्या डॉक्टरला कळले पाहिजे. आज ते कोणालाच कळत नाही. तुकडा माझ्या टेबलावर येई तेव्हा फॉर्मवर ‘स्टेरॉइड घेतले का’ या रकान्यात प्रश्नचिन्ह असे. सर्जनने विचारलेले असे, पण रुग्णाला ठाऊकच नसे.

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे सांगितले आहे. कागदपत्रे मागितली तर ७२ तासांच्या आत द्यावीत, हेही त्यातच आहे. मी नियमाचा बडगा दाखवायला बसलेलो नाही. गावातल्या डॉक्टरची अडचणही मला कळते. रुग्ण पन्नास-शंभर रुपयांत सुई, गोळ्या आणि तपासणी मागतो, आणि सुई न देणाऱ्याकडे परत जात नाही. रात्री दोन वाजता दार उघडणारा माणूसही तोच असतो, शहरातला तज्ज्ञ नव्हे. पण पुडीवर पेनाने ‘डेक्सा, अमुक मिलिग्रॅम, तीन दिवस’ एवढे लिहायला पैसे पडत नाहीत. आपण ते लिहीत नाही, कारण लिहिले तर रुग्ण ती गोळी परस्पर मेडिकलमधून आणेल, अशी आपल्याला भीती वाटते. तो आत्ताही आणतो. रिकामी पट्टी दाखवून आणतो.

२०२१ मध्ये काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. डेक्सामेथासोनने कोविडमध्ये जीव वाचतात, हे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले. मात्रा रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि फायदा फक्त ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागणाऱ्यांना. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नव्हता. आपल्याकडे पहिल्या तापाला, घरी बसलेल्या माणसाला, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीप्रमाणे ती गोळी सुरू झाली. शुगर कोणी मोजली नाही. जुलैपर्यंत देशात म्युकरच्या ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि चार हजारांहून अधिक माणसे गेली. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत आपले महाराष्ट्र होते. दुसरी लाट येण्याआधीच ही वाढ सुरू झालेली होती : सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातल्या २८७ म्युकर रुग्णांचा देशातल्या १६ केंद्रांनी अभ्यास केला, आणि आदल्या वर्षीच्या तुलनेत दुपटीहून अधिक वाढ त्यात दिसली होती. स्टेरॉइडच्या अयोग्य वापराकडेही त्यांनी बोट दाखवले होते.

त्या दिवसांत अँफोटेरिसिनसाठी लोक नागपूरच्या रस्त्यांवर रडत होते. मे २०२१ च्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेस या कारखान्यात ते तयार होऊ लागले, आणि सात हजारांच्या आसपास मिळणारे इंजेक्शन बाराशे रुपयांत मिळेल असे जाहीर झाले. आम्हाला अभिमान वाटला, आजही वाटतो. परंतु औषध जिल्ह्यात तयार झाले म्हणून संशय वेळेवर येत नाही. गालाला बधिरपणा, एकाच बाजूची डोकेदुखी, वरचे दात हलणे, टाळूवर काळी खपली, पापणी पडणे, एकाचे दोन दिसणे, यांतले एक जरी लक्षण शुगरच्या माणसाने सांगितले, तरी ‘दातवाल्याकडे जा’ म्हणून त्याला पाठवू नका. त्याच दिवशी सेवाग्रामला किंवा सावंगीला पाठवा. या एका जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामचे तर १९६९ पासून आहे. केळझरहून दोन्ही ठिकाणी तासाभरात पोचता येते. रुग्णाला पोचायला जे आठ-दहा दिवस लागतात ते रस्त्यामुळे लागत नाहीत.

आता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे वळतो, आणि हे जरा माझ्या टेबलावरचे बोलणे आहे.

आपण ऑपरेशन उत्तम करता. नंतर काढलेला सगळा ऐवज एकाच बाटलीत, फॉर्मालिनमध्ये बुडवून पाठवता, आणि फॉर्मवर लिहिता : ‘फंगल कल्चर’. फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते. मेलेली बुरशी वाढवून दाखवा, अशी मागणी प्रयोगशाळेकडे किती वेळा आली असेल याचा हिशेब मी ठेवला नाही. एक तुकडा सलाइनमध्ये आमच्याकडे आणि दुसरा फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीकडे, एवढेच करायचे असते. शिवाय आपल्याला शंका म्युकरची आहे की ॲस्परजिलसची, हे लिहिले तर आमचे हातही वेगळे चालतात. म्युकरचा तुकडा खलात वाटला की तिचे रुंद, जवळजवळ पडदे नसलेले तंतू फुटून मरतात आणि काहीच उगवत नाही. तो नुसता बारीक कापून लावावा लागतो. लिहिले नाही तर नवखा तंत्रज्ञ सवयीने वाटून टाकतो, आणि तिसऱ्या दिवशी अहवाल जातो : ‘वाढ नाही’. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून काच पाहिली तर तासाभरात तोंडी उत्तर देता येते. तंतू रुंद, पट्टीसारखे आणि काटकोनात फुटलेले असले तर म्युकर. बारीक, पडद्यांचे आणि तिरक्या कोनात फुटलेले असले तर ॲस्परजिलसच्या जातकुळीतले. हा फरक पुस्तकी नाही. व्होरिकोनॅझोल ॲस्परजिलसवर चालते, म्युकरवर चालत नाही. म्हणून दूरध्वनी करा. ऑपरेशन टेबलावरून प्रयोगशाळेत फोन करणारे सर्जन मला सबंध नोकरीत बोटांवर मोजण्याइतके भेटले, आणि त्यांच्या रुग्णांचे अहवाल आम्ही जेवण टाकून काढून दिले.

पॅथॉलॉजीच्या अहवालात ‘बुरशीचे तंतू आढळले’ एवढे आले की समाधान मानू नका. परत पाठवा आणि विचारा : तंतू शेंबडात आहेत की मांसात? इओसिनोफिल आहेत का? गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा आहेत का? हा शेवटचा प्रश्न आपल्या देशात विशेष महत्त्वाचा. सुदान, पाकिस्तान आणि भारत इथे दिसणारा एक संथ प्रकार आहे. शुगर नसलेल्या, चांगल्या प्रकृतीच्या माणसात ॲस्परजिलस फ्लेव्हस हळूहळू मांसात शिरते. शरीर तिच्याभोवती गाठींचा कोट घालते, पण तिला संपवू शकत नाही. डोळा महिनोन्‌महिने, न दुखता, पुढे येत राहतो. वरवर पाहता तो वरच्या मुलासारखाच दिसतो. पण त्याला बुरशीविरोधी गोळ्या दीर्घकाळ लागतात, आणि नुसते स्टेरॉइड दिले तर घात होतो. चंदीगडच्या पीजीआयचे डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या साऱ्या प्रकारांची जी वर्गवारी मांडली, तिचा कणाच हा आहे की बुरशी ऊतीत शिरली आहे की नाही. एकाच पोकळीतला बुरशीचा गोळा हा चौथा, निरुपद्रवी भाऊ. तो पुष्कळदा जुन्या रूट कॅनॉलच्या मसाल्यापाशी धरतो, साफ केला की विषय संपतो, आणि त्याला महिनाभराच्या महाग गोळ्या लिहून देणे ही रुग्णाच्या खिशावरची शस्त्रक्रिया आहे.

त्या विशीतल्या मुलाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. ऑपरेशन छान झाले. सुट्टी देताना त्याला ‘आता बरं झालं’ असे सांगण्यात आले. हा आजार उलटतो, नाक रोज धुवायचे आहे, फवारा काही वर्षे मारायचा आहे, तो मारताना नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला धरायची आहे, यातले काहीच त्याला कोणी सांगितले नव्हते. फवाऱ्याची बाटली संपली, आणि ती म्हणजे कोर्स संपला असे त्याने धरले. दीड-दोन वर्षांत मांस पुन्हा वाढले. तो आता म्हणतो, ऑपरेशन फसले. मी म्हणतो, ऑपरेशन नव्हे, सुट्टीचा कागद फसला. त्यावर ऑपरेशनची तारीख होती, बिलाचा आकडा होता, आणि आजाराचे नाव ‘क्रॉनिक सायनसायटिस’ होते. पाच मिनिटे लागतात हो हे सांगायला. आपण नसाल सांगू शकत, तर सिस्टरला सांगायला लावा. गावातल्या आशाताईंना शिकवा. कोविडमध्ये ऑक्सिमीटर घेऊन त्या दारोदार फिरल्या, मग नाक धुवायला शिकवणे त्यांना जड जाणार नाही.

महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांसाठी एक वेगळी विनंती आहे. चंदीगडच्याच मंडळींनी उत्तर भारतातल्या खेड्यांत घरोघर जाऊन पाहणी केली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे हजारी एकाच्या आसपास माणसांना जुनाट बुरशीजन्य सायनस निघाला. तो गव्हाचा पट्टा. आमचा सोयाबीन-कापसाचा पट्टा आहे, हवा वेगळी, मळणीचा महिना वेगळा. सेलू तालुक्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात थ्रेशरवर काम करणारे मजूर, जिनिंगमधले कामगार आणि घरात कापूस साठवणारी कुटुंबे यांची अशी एक पाहणी करा. तुमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. दरवर्षी तेच तेच विषय फिरताना मी ग्रंथालयात पाहिले आहेत. हवेचे नमुने घ्यायला माणूस लागला तर मी येतो, पेट्री डिश कशी उघडी ठेवायची ते विसरलेलो नाही.

आणि म्युकरमधून वाचलेली माणसे. ती आमच्या आसपासच्या गावांत आहेत. कोणाचा वरचा जबडा गेला, कोणाचा डोळा. टाळूला बसवलेली प्लेट सैल झाली की जेवण नाकातून येते आणि बोललेले समजत नाही, म्हणून ती माणसे लग्नकार्याला जाणे टाळतात. २०२१ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून त्यांच्यावर उपचार झाले, ते चांगलेच झाले. त्यानंतर त्यांची शुगर कोण पाहते, प्लेट कोण बदलते, कृत्रिम डोळा कोण देते? तीन वेगवेगळ्या विभागांच्या तीन वेगवेगळ्या ओपीडी, आणि प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. दोन्ही महाविद्यालयांनी मिळून महिन्यातला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी दंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा आणि शुगरचे डॉक्टर एकाच छताखाली बसावेत. जागा सेलूची चालेल.

माझ्याकडून होण्यासारखे एक काम मी केले आहे. हाताएवढ्या कार्डाचा मसुदा तयार केला आहे, तो या पत्रासोबत आहे. त्यावर रकाने असे : आजची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी. स्टेरॉइड दिले असल्यास नाव, मात्रा, दिवस, गोळी की सुई. त्रास एका बाजूचा की दोन्ही. तुकडा काढला असल्यास बुरशी शेंबडात की मांसात. आयजीई. पुढची तारीख. मराठीत छापलेले असेल, म्हणजे रुग्णाच्या घरच्यांनाही वाचता येईल. आपल्याला रकाने कमी-जास्त करायचे असतील तर जरूर करावेत, माझ्यापेक्षा आपल्याला अधिक कळते. पहिल्या खेपेची कार्डे मी माझ्या खर्चाने छापून देईन. किती हवीत ते सोयाबीन निघायच्या आत कळवावे, कारण नंतर मलाही थ्रेशरच्या मागे लागावे लागेल आणि छापखानेवाल्यालाही दिवाळीचे काम असते.



आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
केळझर